मागून आणलेला कोट, न विचारता घातलेला सूट

हरिशंकर परसाईंच्या ‘प्रेमचंद के फटे जूते’ या निबंधावर मी पहिल्यांदा चारचौघांत बोलले ते १९९७ सालच्या ऑगस्टमध्ये, जबलपूरच्या एका कॉलेजात. बोलताना माझ्या अंगावर ताईचा सूट होता आणि ताईला ते माहीत नव्हतं. सूट म्हणजे सलवार-कमीज. आमच्या जबलपुरात मराठी घरांतही त्याला सूटच म्हणतात. ताई तेव्हा एका खासगी शाळेत शिकवायला लागली होती, आणि पहिल्या दोन पगारांतून तिने तो शिवून घेतला होता. ती सकाळी शाळेत गेली की कपाट उघडायचं, आणि दुपारी ती परतायच्या आत सूट जागच्या जागी, त्याच घडीवर ठेवायचा, हा त्या वर्षभर माझा उद्योग होता.

परसाईंना जाऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. १० ऑगस्ट १९९५ ला ते जबलपुरातच वारले. शहराला त्यांचा अभिमान होता, आणि ऑगस्ट आला की त्यांच्यावर कुठे ना कुठे बोलणं होई. मी पोटतिडकीने बोलले. मागून आणलेल्या कपड्यांत मिरवणाऱ्या समाजाला परसाई कसे उघडं पाडतात, हे सांगितलं. दुसरं बक्षीस मिळालं. बोलणं आणि अंगावरचे कपडे यांचा काही संबंध आहे, असं मला वाटलंच नाही. मी काही मागून आणलं नव्हतं. ताईचा सूट घातला होता, एवढंच.

गेलं वर्षभर मी परसाईंच्या काही निबंधांचा मराठी अनुवाद करते आहे. या निबंधाशी आल्यावर मात्र काम अडलं, आणि अडलं ते नेमकं ‘मागणे’ या शब्दापाशी. मागणं आणि न सांगता घेणं यांत साहित्य काय फरक करतं, आणि घेणाऱ्याबरोबर ते कपड्याच्या मालकाकडेही बघतं का, हे त्या अडण्यामुळे मला नव्याने पाहावं लागलं.

ज्यांनी निबंध वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. परसाईंच्या समोर प्रेमचंदांचा एक फोटो आहे. प्रेमचंद पत्नीसोबत बसले आहेत. टोपी, कुडता, धोतर आणि पायांत कॅनव्हासचे बूट. डाव्या बुटाला भोक पडलंय आणि त्यातून बोट बाहेर आलंय. परसाईंची नजर त्या बोटावर खिळते. फोटोसाठी हा पोशाख, तर रोजचा कसा असेल, असा प्रश्न त्यांना पडतो, आणि लगेच ते स्वतःलाच उत्तर देतात की या माणसाकडे दोन प्रकारचे पोशाख नसणारच. मग लटका राग सुरू होतो. फोटोपुरते कुणाचे तरी बूट मागून आणता आले नसते का? लोक मागून आणलेल्या कोटात स्थळ म्हणून स्वतःला दाखवतात, मागून आणलेल्या मोटारीतून वरात काढतात, फोटोसाठी बायकोसुद्धा मागून आणतात. फोटोत सुगंध यावा म्हणून अत्तर फासून बसणारेही या यादीत आहेत.

यानंतर निबंध दोन वळणं घेतो. पहिल्या वळणावर परसाई स्वतःच्या बुटाकडे पाहतात. तो वरून बरा दिसतो, पण आतून अंगठ्याखालचा तळवा झिजलाय आणि बोट जमिनीवर घासतंय. प्रेमचंदांचं बोट दिसतं पण पाऊल शाबूत आहे; यांचं बोट झाकलेलं आहे आणि पाऊल सोलवटतंय. दुसऱ्या वळणावर ते बूट फाटला कसा याचा विचार करतात. शतकानुशतकं थरावर थर साचून टणक झालेल्या कशाला तरी हा माणूस ठोकरा मारत राहिला, वळसा घालून गेला नाही, म्हणून बूट फाटला, असं ते ठरवतात. हा निबंध नववीच्या हिंदी पाठ्यपुस्तकातही लागला, आणि तिथे साहजिकच भर या दुसऱ्या वळणावर राहतो. मला मात्र आता पहिलं वळण मोठं वाटतं. का, ते शेवटी सांगते.

आधी यादीबद्दल. कोट, मोटार, बायको, अत्तर. या यादीतलं सगळं बाहेरच्यांकडून आणलेलं आहे आणि बाहेरच्यांनाच दाखवायचं आहे. बघणारे म्हणजे मुलीकडची मंडळी, वरातीतले लोक आणि कॅमेरा. त्यामुळे मागून आणणं म्हणजे दिखावा, हे समीकरण सहज जुळतं. पण कपड्यांची खरी देवघेव बाहेर कितीशी होते? ती होते घरात. एका चांगल्या शर्टावर दोन भावांच्या मुलाखती होतात, थोरलीच्या साडीवर धाकटीचा निरोप समारंभ होतो. तिथे मिरवणं कमी आणि निभावणं जास्त असतं.

आणि परसाईंना असं घर ठाऊक नव्हतं असं कसं म्हणावं? शाळकरी वयात प्लेगने आई गेली, थोरला म्हणून भावंडांचा भार अंगावर आला, हे त्यांनीच ‘गर्दिश के दिन’मध्ये लिहिलं आहे. त्यांनी लग्न केलं नाही. नेपियर टाउनमधल्या घरात विधवा बहीण आणि तिची मुलं यांचा संसार तोच त्यांचा संसार होता. अशा माणसाच्या यादीत घरातलं कपाट येऊ नये, हे लक्षात येण्याजोगं आहे. मी याला दोष म्हणत नाही. व्यंगाला रस्त्यावरचा उजेड लागतो, अंधाऱ्या खोलीतलं कपाट त्याच्या कामाचं नसतं. पण त्यामुळे निबंधात ‘दुसऱ्याचं घालणं’ एकाच रंगात येतं, आणि वाचकही तो रंग पूर्ण मानून पुढे जातो. मी तेच केलं होतं, आणि तेही ताईच्या कपड्यांत उभी राहून.

दुसरी गोष्ट बायकोची. फोटोत प्रेमचंदांच्या शेजारी शिवरानीदेवी बसलेल्या आहेत. निबंधात त्या पहिल्याच वाक्यात येतात. पुढे कदाचित त्यांनीच फोटोचा आग्रह धरला असेल, अशी एक शक्यता परसाई बोलून दाखवतात. त्यानंतर बायको येते ती मागून आणण्याच्या वस्तूंमध्ये. विनोद उपरोधाचा आहे आणि त्याचा रोख दिखाऊ पुरुषांवर आहे, हे मला कळतं. तरी अनुवाद करताना माझा हात थांबला, कारण ज्या फोटोवर हा निबंध उभा आहे त्यात एक खरी बायको बसली आहे आणि ती स्वतः लेखिका आहे. ‘प्रेमचंद : घर में’ हे तिचं पुस्तक १९४४ साली आलं. त्यात गरम कपड्यांचा एक प्रसंग आहे. नवऱ्याने थंडीसाठी कपडे करावेत म्हणून ती पैसे देते आणि तो ते छापखान्यातल्या कामगारांना देऊन मोकळा होतो. परसाईंच्या निबंधाशेजारी हा प्रसंग ठेवून वाचला की फाटक्या बुटाच्या गोष्टीत आणखी एक माणूस दिसू लागतो. ज्याला कपड्यांची पर्वा नाही तो थोर असेलही. पण त्याच्या वाट्याची पर्वा घरात कुणीतरी करत असतं, त्यासाठी पैसे बाजूला काढत असतं. त्या माणसाला कुणी विचारलेलं नसतं.

आता शब्दाकडे येते. हिंदीत ‘माँगे का कोट’ म्हटलं की दोन शब्दांत काम होतं. मराठीत मी आधी ‘उसना कोट’ लिहिलं. वाटीभर साखर उसनी आणतात, म्हणजे तेवढीच परत करायची असते. पण ‘उसना’ला मराठीत दुसरी छटाही आहे. आपण उसनं अवसान आणतो, उसनं हसू आणतो. उसनं म्हणजे मुळात नसलेलं, वरवरचं. परसाईंच्या रोखाला हे जुळतं, पण जरा जास्तच जुळतं. मूळ शब्द नुसता ‘मागितलेला’ एवढंच म्हणतो आणि निवाडा वाक्यावर सोपवतो. ‘उसना’ आधीच निवाडा करून बसतो. म्हणून ‘मागून आणलेला’ ठेवलं. इथे एक मोहही झाला. मराठीत लग्नासाठी ‘मागणी’ घालतात, तेव्हा मागून आणलेल्या कोटात मागणी, असा श्लेष आयता हाताशी येत होता. मी तो लिहिला, चार दिवस मिरवला आणि खोडला. तो परसाईंचा नव्हता. त्यांच्या नावावर मी माझं अत्तर फासत होते.

पण या खाडाखोडीत एक गोष्ट ध्यानात आली. घरात घेतलेल्या कपड्यासाठी मराठीत घेण्याचं क्रियापदच नाही. आपण म्हणतो, ‘ताईचा घातला’, ‘दादाचा घालून गेला’. मालकाचं नाव षष्ठीत येतं आणि थेट घालणं येतं. मागणं, घेणं, परत करणं या सगळ्या पायऱ्या वाक्यातून गळून जातात. १९९७ साली मला माझं वागणं निबंधात सापडलं नाही, त्याचं एक कारण भाषेतच होतं. मी ‘घातला’ म्हणत होते. ताईच्या बाजूने पाहिलं तर शब्द ‘नेला’ असा असायला हवा होता.

भावंडाचे कपडे त्याच्या नकळत घालण्याचा साहित्यातला फार जुना आणि फार मोठा प्रसंग बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात, २७व्या अध्यायात आहे. मराठीत तो मी पंडिता रमाबाईंच्या अनुवादात वाचला. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी आख्खं बायबल मराठीत आणलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हातारा, दृष्टी गेलेला इसहाक थोरल्या एसावाला आशीर्वाद देणार असतो. आई रिबका घरात ठेवलेले एसावाचे चांगले कपडे काढते आणि धाकट्या याकोबाला घालते. एसाव केसाळ आहे, म्हणून याकोबाच्या हातांवर आणि मानेवर करडांची कातडी बांधते. इसहाक चाचपतो. आवाज एकाचा आणि हात दुसऱ्याचे, हे त्याला जाणवतं. शंका फिटत नाही. शेवटी तो मुलाला जवळ बोलावतो, त्याच्या कपड्यांचा वास घेतो, आणि आशीर्वाद देऊन टाकतो.

हा वास मला महत्त्वाचा वाटतो. डोळे नाहीत, कानांना संशय आहे, स्पर्शाला फसवलेलं आहे. निर्णय होतो तो कपड्यांत मुरलेल्या शेताच्या वासावर. कपडा म्हणजे नुसतं कापड नसतं, तो घालणाऱ्याचे दिवस त्यात मुरलेले असतात, हे त्या कथाकाराला पक्कं माहीत आहे. याकोब कपडे घेतो तेव्हा तो एसावाचं रानात राबणं अंगावर घेतो आणि त्या श्रमाचं फळ स्वतः नेतो. परसाईंच्या फोटोतलं अत्तर हे याचं विडंबन म्हणून वाचता येईल. तिथे वास विकत आणलेला आहे, म्हणून तो कुणाचाच नाही.

आणि या कथेला कपड्यांच्या मालकाचा विसर पडत नाही. एसाव परततो, त्याला कळतं, आणि तो मोठ्याने रडतो. बापाजवळ आणखी एखादा आशीर्वाद उरला आहे का, असं तो विचारतो. धूर्त याकोब हा पुढच्या वंशाचा पूर्वज आहे, त्याची बाजू घेणं कथेला भागच आहे. तरी कथा त्या रडण्याला पुरेशी जागा देते. शिवाय ती याकोबाला सोडत नाही. सासरा लाबान लग्नाच्या रात्री धाकट्या राहेलच्या जागी थोरल्या लेआला पाठवतो आणि याकोबाला ते सकाळी कळतं. म्हातारपणी त्याचे मुलगे योसेफाचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून त्याच्यापुढे ठेवतात आणि तो त्यावर विश्वास ठेवतो. करडू आणि भावाचे कपडे, ज्या दोन गोष्टींनी त्याने बापाला फसवलं, त्याच दोन गोष्टींनी तो स्वतः फसतो.

गुपित कुणापासून ठेवलं आहे, यावर अशा गोष्टींचा स्वभाव ठरतो असं मला वाटतं. शांता शेळक्यांनी ‘लिटल विमेन’चा ‘चौघीजणी’ हा जो अनुवाद केला, त्या कादंबरीत मेग आणि ज्यो नाचाला निघतात तेव्हा ज्योचे हातमोजे डागाळलेले असतात. तोडगा निघतो तो असा की दोघींनी एकेक चांगला मोजा घालायचा आणि डागाळलेला हातात धरायचा. बहिणींमध्ये काही लपवलेलं नाही, लपवायचं आहे ते नाचातल्या पाहुण्यांपासून. म्हणून प्रसंग हलका, हसरा राहतो. माजिद माजिदी यांच्या ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ (१९९७) या इराणी चित्रपटात अलीच्या हातून बहिणीचे, झहराचे, बूट हरवतात. घरात पैसे नाहीत. बापाला कळू नये म्हणून दोघं अलीचे बूट वाटून घेतात. सकाळच्या शाळेला ती घालते, सुटल्यावर गल्लीबोळांतून धावत येते, आणि ते पायांत घालून तो दुपारच्या शाळेला धावतो. इथेही भावंडं एका बाजूला आहेत. मोठे पडलेले बूट घालून धावणारी झहरा पाहताना वाटतं की मालक आणि घेणारा यांतली रेघच पुसली गेली आहे. माजिदी मात्र ती पुसू देत नाहीत. झहराला स्वतःचे हरवलेले बूट एका दुसऱ्या मुलीच्या पायांत दिसतात. भावंडं तिच्या घरापर्यंत जातात, तिचा अंध बाप दिसतो, आणि दोघं न बोलता परततात. आता झहरा एसावाच्या जागी आहे, आपली वस्तू दुसऱ्याच्या अंगावर पाहते आहे, आणि ती ओरडत नाही.

एसावाचं रडणं आणि झहराचं गप्प राहणं यांच्या मध्ये मला आणखी एक मालकीण सापडली. ज्यू धर्मग्रंथांच्या परंपरेत, तालमूदमध्ये, राहेल आणि लेआची एक जादा गोष्ट सांगतात. लाबान फसवणार हे ओळखून याकोब आणि राहेल यांनी आपसांत काही खुणा ठरवल्या होत्या. पण त्या रात्री बहिणीची फजिती होईल म्हणून राहेलनेच त्या खुणा लेआला सांगून टाकल्या. मूळ कथेत राहेल नुसती डावलली गेलेली आहे. या गोष्टीत ती जाणूनबुजून देते, आणि दिलं हे कुणालाही कळू देत नाही. ज्या पिढ्यांनी ही भर घातली त्यांना मालकाची बाजू कोरी राहिलेली सहन झाली नसावी.

मी ही गोष्ट वाचली आणि त्या रविवारी ताईला फोन केला. ती अजून जबलपुरातच असते, शाळेतून आता निवृत्तीला आली आहे. म्हटलं, “ताई, तुझा तो मोरपंखी सूट आठवतो? त्याच्यावर लिहू का?”

ती म्हणाली, “आता विचारतेस?”

मग म्हणाली, “मोरपंखी नव्हता. गडद हिरवा होता. मोरपंखी हवा होता, पण गोल बाजारात मिळालेलं कापड हिरवं होतं.”

तिला माहीत होतं, पहिल्या महिन्यापासून. बसमधला धूर आणि माझी पावडर यांचा वास कमिजीला यायचा, असं ती म्हणाली. घडी मी नेहमी उलटी घालायचे. मी विचारलं की मग बोलली का नाहीस. ती म्हणाली, बोलले असते तर तू घालायची थांबली असतीस. मग थोडं थांबून तिने दुसरं सांगितलं. त्या ऑगस्टमध्ये तिच्या शाळेतही कार्यक्रम होता आणि तिलाही तो सूट घालायचा होता. आदल्या रात्री मी भाषण पाठ करताना तिने ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी ती जुना सूट घालून गेली. शाळेतल्या एका बाईंनी त्यावरून तिला टोकलंही. “राग आला होता गं,” ती म्हणाली, “चांगला आठवडाभर.”

हा राग मला राहेलच्या गोष्टीत दिसत नाही. समजूतदार मालकीण रंगवताना परंपरेने तो पुसून टाकला आहे. ताईने दिलं, आणि देताना तिला रागही आला. त्या आठवडाभराच्या रागासकट दिलं, हे लिहिलं नाही तर मी तिचा सूट दुसऱ्यांदा नेल्यासारखं होईल.

आता परसाईंचं ते पहिलं वळण. निबंधभर ते मागून आणणाऱ्यांना हसत असतात, आणि मध्येच बूट उलटा करून स्वतःचा तळवा दाखवतात. दिसायला नीट, आतून झिजलेला. एरवी तो कुणाला दिसला नसता. कपड्यांबद्दल लिहिणाऱ्याने आपल्या अंगावर काय आहे आणि ते कुणाचं आहे हे सांगून मगच बोलावं, एवढी सचोटी त्या चार ओळींत आहे. सतराव्या-अठराव्या वर्षी मी त्या ओळी धडाधड पाठ म्हटल्या आणि मला त्या लागू झाल्या नाहीत.

अनुवादाचा खर्डा मी ताईला पाठवला आहे. परसाईंचं हिंदी तिला माझ्यापेक्षा चांगलं येतं. बायको मागून आणण्याच्या वाक्याशी तिने पेन्सिलीने एक रेघ मारून परत पाठवलं, शेजारी काही लिहिलं नाही. वाक्य मी तसंच ठेवलं आहे. ते परसाईंचं आहे, मऊ करायचा हक्क मला नाही. प्रस्तावनेत मात्र फोटोत शेजारी कोण बसलं होतं ते तिच्या नावानिशी आणि तिच्या पुस्तकासह येईल.